दहा रविवार अथेन्सबाहेर

थंडी पडली की माझ्या पोटात दुखायला लागतं. ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी, कशाचाही उपयोग होत नाही, कारण हे दुखणं त्या जातीचं नाही. मंडईत हुरड्याची कोवळी कणसं दिसायला लागतात, सकाळी रिक्षावाल्यांच्या कानांवर मफलर चढतात, आणि मला पद्माचा हेवा वाटायला लागतो. तसा तो बारा महिने वाटतो. पण उन्हाळ्यात सोलापूरच्या माणसाला आपला जीव सांभाळण्यापलीकडे काही सुचत नाही, आणि पावसाळा आमच्याकडे येतो तो चहासुद्धा न घेता निघून जातो. हेवा करायला निवांतपणा लागतो. तो फक्त थंडीत मिळतो.

पद्मा माझ्या खालच्या मजल्यावर राहते. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत मी सर्वांत वर, माझ्या डोक्यावर गच्ची. तिचं माहेर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भांडताना दोन्ही. ती पोस्टात खिडकीवर बसते. मी शाळेत इतिहास शिकवते. दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर आमचा सात-आठ जणांचा कट्टा जमतो. ज्यानं त्यानं आपलं लिहिलेलं वाचायचं, बाकीच्यांनी ‘छान’ म्हणायचं आणि मग चिवडा खायचा. अनेक वर्षं हे असंच गोडीत चाललं होतं, कारण कुणीच फार चांगलं लिहीत नव्हतं.

सात वर्षांपूर्वीच्या थंडीत मी कट्ट्याला विषय सुचवला. काळात मागे जाणाऱ्या माणसाची विज्ञानकथा लिहायची, आणि त्या माणसानं जायचं ते प्राचीन ग्रीसमध्ये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ग्रीसचा इतिहास तोंडपाठ. आपलं मैदान, आपलीच बॅट.

अशा गोष्टींमध्ये ग्रीसला गर्दी फार होते. ज्याच्या हाती यंत्र लागतं तो उठतो आणि अथेन्स गाठतो. तिथं एखाद्या तत्त्वज्ञाशी वाद घालतो, लढाईचा निकाल फिरवायला बघतो, नाहीतर उघड्या अंगानं शर्यतीत पळतो. मंडईत जाऊन आज ऑलिव्ह कसे दिले, असं कुणी विचारत नाही. माझाही नायक त्याच वाटेनं गेला. तो शास्त्रज्ञ होता, त्याच्या यंत्राला अकरा दिवे होते, आणि अथेन्सला पोचल्या पोचल्या तो शिकवायला लागला. चार पानं तो ग्रीक लोकांना ग्रीकांचा इतिहास सांगत होता. लिहिताना मला ते फार भारदस्त वाटलं होतं.

पद्माला ग्रीसबद्दल काहीच माहीत नव्हतं. हे मी कमी लेखण्यासाठी म्हणत नाही, तिनंच तसं म्हटलं होतं. त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी वर यायची, पोस्टाच्या गोंदाचा वास असलेल्या हातांनी माझ्याकडचा चहा प्यायची आणि विचारायची.

“तिथं माग कसा असायचा गं?”

“उभा,” मी म्हणायची. “वरून ताण्याचे उभे धागे सोडलेले आणि खाली ताण राहावा म्हणून मातीची वजनं बांधलेली.”

“वजनं एकमेकांवर आपटत असतील की.”

“आपटत असतील. त्याचं काय?”

“काय न्हाय. आवाज येत असेल म्हटलं.”

एवढं बोलून ती खाली जायची. मला वाटायचं, बिचारी. दुपारच्या तासाला मुलं विचारतात तसे प्रश्न विचारते. मी तिला सढळ हातानं देत राहिले. माहितीच तर होती, आणि माहिती दिल्यानं कमी होत नाही, असं मी वर्गात नेहमी सांगते. हद्दपारीच्या मतदानाची हकीकतही तिला मीच दिली. अथेन्समध्ये एखादा माणूस गावाला डोईजड झाला की लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरून टाकायचे. कारण सांगावं लागत नसे, गुन्हा सिद्ध करावा लागत नसे. पुरेशा खापऱ्या जमल्या की ज्याच्या नावाच्या सर्वांत जास्त, त्यानं दहा वर्षं गावाबाहेर जायचं. एकदा म्हणे एका अडाणी खेडुतानं शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे खापरी धरली आणि म्हणाला, तेवढं अमक्याचं नाव लिहून दे. तो अमका म्हणजे हाच माणूस, न्यायी म्हणून नावाजलेला. त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय वाईट केलंय? खेडूत म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले. त्या माणसानं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि खापरी परत दिली.

ही हकीकत मी वर्गात इतक्या वेळा सांगितली आहे की कुठं थांबायचं आणि मुलं कुठं हसतात ते मला पाठ आहे. पद्मा हसली नाही. तिनं विचारलं, “लिहिताना त्याचा हात थांबला असेल का गं?” मी म्हटलं, तसा कुठं उल्लेख नाही.

हुरड्याला आम्ही दर वर्षी बाळासाहेबांच्या शेतात जातो. ते कट्ट्यातले सर्वांत ज्येष्ठ, शेतीखात्यातून निवृत्त झालेले आणि भाषणाची हौस न फिटलेले. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, सोलापूरपासून तासाभरावर त्यांची ज्वारी आहे. काळी भुई, वर पिवळट हिरवं शिवार, आणि कडेला खड्ड्यात पेटवलेली शेण्यांची आगटी. आगटीचा कारभार कोंडामावशींकडे. शेताची राखण त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची, पण हुरडा भाजायला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. कणीस विस्तवातून काढायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि हिरवे दाणे दुसऱ्याच्या हातावर ओतायचे. चोळणाऱ्याचा हात भाजतो आणि खाणाऱ्याचा फक्त उबदार होतो. त्या वर्षी तिथंच आगटीभोवती सगळ्यांनी आपापल्या गोष्टी वाचायच्या ठरल्या होत्या.

मी वाचली. सगळे ‘छान’ म्हणाले. बाळासाहेबांनी दोनदा म्हटलं.

मग पद्मानं वाचली. तिच्या गोष्टीत यंत्र नव्हतं, दिवे नव्हते. तिची बाई आपल्या वडिलांच्या बंद पडलेल्या मागावर बसते आणि आडवा धागा नेणारा धोटा फेकते. धोटा इकडून तिकडे गेला की एक वर्ष मागे, तिकडून इकडे आला की आणखी एक. थकेपर्यंत फेकत राहते आणि मग दारातून वारा येतो. तो वारा सोलापूरचा नसतो, कारण त्याला मीठ लागलेलं असतं. एका घराच्या दाराशी उभा माग असतो आणि त्याच्या खालची मातीची वजनं वाऱ्यानं एकमेकांवर आपटत असतात. बाई आत जाते, कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ कापड अंगठा आणि बोटात धरते आणि म्हणते, ताणा सैल आहे तुमचा.

कुणी ‘छान’ म्हटलं नाही. आगटीतलं एक कणीस जळालं तरी कुणी हललं नाही. कोंडामावशींनीसुद्धा हात थांबवला होता. माझी वजनं होती ती. माझा माग, माझं अथेन्स, माझा चहा. वीस-बावीस वर्षं मी ते शहर शिकवत होते आणि मला तिथला वारा कधी लागला नव्हता. मी इतकी जळले की समोरची आगटी थंड वाटली.

मी घसा खाकरून म्हटलं, “एक चूक आहे. तुझी बाई तिथल्या बायकांना शेंगाचटणी खायला देते. तेव्हा ग्रीसमध्ये शेंगदाणा नव्हता. मिरचीही नव्हती. आपल्याकडेसुद्धा नव्हती.”

“तिथं नव्हतीच की,” पद्मा म्हणाली. “पण माझी बाई सोलापूरची हाय. पिशवीत चटणी घेतल्याशिवाय घर सोडेल का ती?”

सगळे खो खो हसले आणि मीही हसले. ओठात एक, पोटात एक.

तिच्या गोष्टीच्या शेवटी ते खापऱ्यांचं मतदान होतं. त्याच आठवड्यात शेतावरचा पाण्याचा रांजण फुटला होता आणि तुकडे बाभळीखाली पडले होते. बाळासाहेबांना हुक्की आली. ते म्हणाले, आपणही मतदान घेऊ. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा रविवार कट्ट्याबाहेर. आम्ही आठ जण आणि कोंडामावशी, अशी नऊ मतं. विस्तवातून काढून विझवलेल्या कोळशानं लिहायचं आणि टोपलीत टाकायचं. खेळच होता. जो तो हसत हसत बाजूला जाऊन लिहीत होता.

मी बाभळीमागे गेले आणि लिहिलं, पद्मा. माझा हात थांबला नाही.

टोपलीत खापरी टाकून वळते तोच कोंडामावशी आल्या. राखेनं पांढरे झालेले हात, त्यात एक खापरी.

“बाई, मला कुटं लिवता येतंय. तेवडं लिवून द्या की.”

“कुणाचं नाव लिहू मावशी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळे दात दाखवून हसल्या. “तुमचंच लिवा. सकाळधरनं तुमचाच आवाज ऐकतीया मी. लई शिकवता बाई तुमी.”

इतिहासानं एवढी मेहरबानी फार कमी लोकांवर केली असेल. अडीच हजार वर्षं मागे जायला लोकांना यंत्रं लागतात, धोटे लागतात. मला काहीच लागलं नाही. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, बाभळीखाली, तो खेडूत माझ्यापुढे उभा होता आणि खापरी माझ्या हातात होती. मी वर्गात ज्याची हकीकत सांगते, त्या माणसाच्या जागेवर मी उभी होते. पुढं काय करायचं ते मला पाठ होतं.

मी खापरीवर लिहिलं, पद्मा. कोळसा जरा वेगळा धरला, अक्षर मोठं काढलं आणि खापरी मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि टोपलीत टाकली.

बाळासाहेबांनी एकेक खापरी वाचली. चौघांना एकेक मत. बाळासाहेबांना स्वतःला दोन, ती त्यांनी पडेल आवाजात वाचली. पद्माला तीन. टाळ्या, आरोळ्या, पद्मानं उठून वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “त्यातलं एक माझंच हाय हं. म्हटलं, त्या माणसानं लिहिलं आपलं नाव, तर आपण का नको?” मी हिशेब केला. एक तिचं, दोन माझी. गावानं तिला घालवलंच नव्हतं. मी एकटीनं घालवलं होतं. आणि जे मला खेळातसुद्धा जमलं नाही ते ती खेळता खेळता करून बसली होती.

परत निघण्याआधी मी टोपलीतून मावशींची खापरी हळूच उचलली आणि पर्समध्ये टाकली. चोराच्या मनात चांदणं. अजून ती माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. कोळशाची अक्षरं केव्हाच पुसली गेली, नुसता काळा डाग उरलाय.

दहा रविवार पद्मा गच्चीवर आली नाही. खेळ म्हटला तरी तिनं तो पाळला. कट्ट्यात तिची जागा रिकामी राहायची आणि मला अगदी हलकं वाटायचं. मी त्या दिवसांत तीन गोष्टी वाचल्या. सगळे ‘छान’ म्हणाले. कडबा शेतातून निघाला, शिमगा आला, उन्हाचा चटका सुरू झाला आणि अकराव्या रविवारी पद्मा जिना चढून वर आली. हातात दोन जाड वह्या. “रविवार रिकामाच होता की,” ती म्हणाली. “म्हणून त्या बाईला पुढं पाठवलं.” पुढं म्हणजे एक अख्खी कादंबरी. पुढच्या वर्षी ती छापून आली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात तिच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही कधी जागेवर नसतात. मुलं मला येऊन विचारतात, बाई, अथेन्समध्ये माग खरंच उभा असायचा का?

या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर एकच ओळ आहे. ‘ज्या दोघांनी मला दहा रविवार घरी बसवलं, त्या दोघांना.’ सहा वर्षं लोक माझ्यासमोर ही ओळ वाचून हसतात. कोण असतील गं ते दोघं, असं पद्मा मलाच विचारते. मी खांदे उडवते. दुसऱ्याच्या वाईटासाठी केलेली गोष्ट त्याच्या भल्याची निघाली की माणसानं कुठं जायचं? तिच्या पुस्तकात माझी माहिती आहे, माझ्या मत्सरानं दिलेले दहा रविवार आहेत, नुसतं माझं नाव नाही. जेवायला बसले तरी हे आठवायचं आणि घास कडू व्हायचा.

यंदा पौषात बाळासाहेबांचा निरोप आला, आगटी पेटलीय, या. मी पद्माच्या स्कूटरवर मागे बसून गेले. शिवार तसंच होतं. कोंडामावशी वाकल्या होत्या, पण कणीस अजूनही त्याच चोळत होत्या. पद्मा बाकीच्यांबरोबर विहिरीकडे गेली आणि आगटीजवळ आम्ही दोघीच उरलो. मावशींनी माझ्या हातावर हुरडा ओतला.

“बाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“त्या वर्साला खापऱ्यांचा ख्योळ झाला न्हवं का? तुमचं नाव कुणी वाचलंच न्हाय.”

दाणे माझ्या हातावर तसेच राहिले. मावशींना वाचता येत नव्हतं, हे मी पक्कं धरलं होतं. पण त्यांना वाचायची गरजच नव्हती. त्यांनी माझं नाव सांगितलं होतं आणि बाळासाहेबांनी नऊच्या नऊ खापऱ्या मोठ्यानं वाचल्या होत्या. कान तर त्यांना होते. त्या दिवशी, त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या बाईच्या सात वर्षांत ध्यानात आली नव्हती.

“मावशी, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“मी काय बोलू? लिवणाऱ्या तुमी.” त्यांनी दुसरं कणीस विस्तवातून ओढलं. “म्या कुणाला सांगितलं न्हाय. तुमचं तुमी बगा. खावा, गार हुतंय.”

परतीच्या वाटेवर मी पद्माच्या हेल्मेटच्या पाठीमागे बोलायला सुरुवात केली. वारा इतका होता की तिला काही ऐकू जाईना. “काय?” ती ओरडली. मी पुन्हा सांगितलं. “काय गं?” कबुली हळू आवाजात द्यायची असते अशी माझी समजूत होती. तिसऱ्यांदा मी रस्त्यावर ओरडून सांगितलं, “ते दोघं नव्हते. दोन्ही मतं माझीच होती. मावशीनं माझं नाव सांगितलं होतं, मी तुझं लिहिलं.”

तिनं स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं. शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला.

“का?”

“मला तुझा हेवा वाटतो,” मी म्हटलं. “तेव्हा वाटला. आताही वाटतोय.”

तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. “मला वाटायचं, त्यातलं एकही मत तुझं नसेल,” ती म्हणाली. “तू तर माझ्याच बाजूची, असं धरून चालले होते मी.” मग तिनं हेल्मेट घातलं. जुळे सोलापूर येईपर्यंत स्कूटर कुठं थांबवली नाही. जिन्यात तिच्या दाराशी थांबून कुलूप काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाली, “दहा रविवार. वर यायचं न्हाय तू.”

आज चौथा रविवार. खिडकीबाहेर थंडी ओसरायला लागली आहे, कणसं करड, टणक होत चालली असतील. माझ्या डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतायत. बाळासाहेब काहीतरी लांबलचक बोलले आणि थांबले. आता पद्मा वाचत असावी, कारण वर कुणी हलत नाही. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो, आणि मी छताकडे बघत बसले आहे. मग सगळे एकदम हसले. कशाला हसले ते मला सात आठवड्यांनी कळेल, नाहीतर कळणारच नाही.

तिला दहा रविवारांत कादंबरी झाली. मला चार रविवारांत एवढंच झालंय. पण खरं सांगते, हे लिहिताना पहिल्यांदाच माझ्या अथेन्समध्ये वारा आला. टेबलावर ती काळी खापरी आहे. मघाशी मी पेन्सिल घेतली आणि तिच्या डागावर माझं नाव लिहिलं, सुनंदा. हात थांबला होता. आणि लगेच मनात आलं, ही शिक्षा तिला किती नेमकी सुचली, मला सुचली नसती. पोटात दुखायला लागलंय.